विद्युततार तपासणीचा इतिहास आणि मल्टीमीटर : ग्वाल्हेरच्या संदर्भात एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा पाहायला गेलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १८७४ साली उभ्या राहिलेल्या या राजवाड्याच्या दरबार सभागृहात दोन प्रचंड झुंबरे टांगलेली आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन आहे. एवढा भार छत पेलेल की नाही, याची खात्री करण्यासाठी वास्तुरचनाकार मायकेल फिलोज यांनी आधी छतावर हत्ती चढवले आणि छत टिकल्यावरच झुंबरे टांगली, असे सांगितले जाते. हत्तींची संख्या कोणी आठ सांगतात, कोणी दहा. गोष्टीत थोडी भर पडलेली असू शकेल. परंतु तिचे मर्म महत्त्वाचे आहे. भार टाकण्यापूर्वी तपासावे, आणि तपासणी भाराच्या मानाने करावी, हा तो धडा होय.

विजेच्या तारेला हत्ती लावता येत नाही. तिच्या आतून काय वाहते ते डोळ्यांना दिसत नाही, आणि वरचे रबरी आवरण शाबूत असतानाही आतले तांबे तुटलेले असू शकते. म्हणून तारेच्या तपासणीसाठी माणसाला निराळे साधन शोधावे लागले. आज आपल्या महाविद्यालयांतील इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर जो लहानसा मल्टीमीटर असतो, तो या शोधाचा शेवटचा टप्पा आहे.

विजेचा इतिहास आपण बहुधा दिव्यांचा, धरणांचा आणि थोर शास्त्रज्ञांचा इतिहास म्हणून शिकवतो. तार तपासणाऱ्या हातांचा इतिहास त्यात क्वचितच येतो. मल्टीमीटर हे विद्वानांच्या प्रयोगशाळेपेक्षा तारखात्याच्या दुरुस्तीच्या गरजेतून जन्मलेले साधन आहे, आणि म्हणून ते शिकवण्याची पद्धतही दुरुस्तीचीच असली पाहिजे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. लेखक भाषेचा अध्यापक आहे, विज्ञानाचा नव्हे. तथापि कम्युनिटी कॉलेजांतील उर्दू व मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी शब्दावली तयार करताना या विषयाशी जो संबंध आला, त्यातून हे विवेचन झाले आहे.

शरीर हेच मापनयंत्र

वीज मोजण्याचे पहिले यंत्र म्हणजे माणसाचे शरीर. अठराव्या शतकात इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश यांनी निरनिराळ्या पदार्थांतून विजेचा झटका स्वतःच्या अंगावर घेतला आणि कोणता झटका जोराचा, कोणता सौम्य, यावरून त्या पदार्थांची तुलना केली. त्यांची ही टिपणे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला त्यांची अचूकता कळली.

भारतातील तारायंत्राचा आरंभही असाच झाला. विल्यम ओशॉनेसी हे मूळचे डॉक्टर, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापक. १८३९ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर तार ताणून संदेश पाठवण्याचा प्रयोग केला. त्या प्रयोगात संदेश घेणारा माणूस बोटांना बसणाऱ्या सौम्य झटक्यांवरून खूण ओळखत असे. आजही एखादा पोरगा नऊ व्होल्टची बॅटरी जिभेला लावून "आहे, जान आहे" असे सांगतो, तेव्हा तो नकळत तोच जुना मार्ग वापरत असतो. अर्थात लहान बॅटरीपुरते हे ठीक. घरगुती विजेच्या बाबतीत हा मार्ग जीवघेणा आहे.

शरीराची जागा सुईने घेतली. १८२० मध्ये डेन्मार्कचे ओर्स्टेड यांना तारेतून विद्युतधारा वाहताच जवळची चुंबकसूची हलते असे दिसून आले. त्याच वर्षी जर्मनीतील श्वायगर यांनी तारेची अनेक वेटोळी करून हा परिणाम वाढवला. गॅल्व्हानोमीटर या यंत्राचा उगम येथे आहे. १८२७ मध्ये ओहम यांनी दाब, धारा आणि रोध यांचे नाते मांडले. १८३३ मध्ये ख्रिस्टी यांनी सुचवलेली आणि १८४३ मध्ये व्हीटस्टन यांनी प्रसिद्धीस आणलेली 'व्हीटस्टन सेतू' ही रचना रोध मोजण्यासाठी वापरात आली.

या सेतूची कल्पना आपल्या बाजारपेठेतील तराजूहून वेगळी नाही. दोन्ही पारडी सारखी झाली की काटा मधोमध स्थिर होतो. सेतूच्या दोन्ही बाजू समतोल झाल्या की सुई शून्यावर येते. काटा किती हलला यापेक्षा तो केव्हा हलत नाही, हे येथे पाहायचे असते. बाराव्या शतकात मर्व येथील अल्-खाज़िनी यांनी ११२१ च्या सुमारास 'मीज़ान अल-हिकमा' हा तराजूशास्त्रावरील ग्रंथ लिहिला, तेव्हाही समतोल हीच मापनाची कसोटी होती. तुलनेने मोजणे आणि शून्याने खात्री करणे ही पद्धत विजेच्या कितीतरी आधीची आहे.

आग्रा-मुंबई मार्गावरची तार

१८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर या मार्गावर ओशॉनेसी यांनी कामाची तार उभी केली. तिच्यासाठी त्यांनी जाड लोखंडी सळ्या वापरल्या आणि परदेशी यंत्रांऐवजी स्थानिक कारागिरांना करता येईल असे साधे सुईचे यंत्र तयार केले. सुई डावीकडे झुकली की एक खूण, उजवीकडे झुकली की दुसरी. या कामात त्यांचे सहकारी होते शिवचंद्र नंदी. टांकसाळीच्या नोकरीतून आलेल्या या भारतीयाने पुढे अनेक मार्गांच्या उभारणीवर देखरेख केली. तारखात्याचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव अग्रक्रमाने यावयास हवे.

१८५३ च्या नोव्हेंबरमध्ये मोठ्या मार्गाचे काम सुरू झाले आणि १८५४ च्या मार्चमध्ये कलकत्ता आग्र्याशी जोडले गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत तार सर्वसामान्यांसाठी खुली झाली. आग्र्याहून एक फाटा दिल्लीवरून पंजाबकडे गेला. दुसरा फाटा ग्वाल्हेर व इंदूर या शिंदे-होळकरांच्या मुलखातून मुंबईकडे उतरला. अशा रीतीने रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी ग्वाल्हेर विजेच्या तारेवर आले. गावात विजेचा एकही दिवा नव्हता, परंतु गावाशेजारून विद्युतधारा वाहत होती.

ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्या देशात वीज प्रथम प्रकाश म्हणून आली नाही, निरोप म्हणून आली. आणि निरोपाच्या तारेचा मुख्य प्रश्न होता तो बिघाड शोधण्याचा. वारा, वीज पडणे, माकडे, जनावरांची धडक, पावसात ओले झालेले आधार, चोरी, अशा कित्येक कारणांनी तार बंद पडे. शेकडो मैलांच्या मार्गावर नेमकी कोठे तुटली हे कसे ओळखायचे?

१८५७ : तार तुटली कोठे?

या प्रश्नाचे एक उदाहरण इतिहासात नोंदले गेले आहे. १० मे १८५७ हा रविवार होता. दुपारनंतर दिल्लीच्या तारघरात मीरतकडून उत्तर येईना. तारघराचे प्रमुख टॉड यांनी ब्रेंडिश व पिल्किंग्टन या आपल्या दोन तरुण साहाय्यकांना यमुनेपलीकडे पाठवले. नदीखालून गेलेला तारेचा दोर खराब झाला असावा अशी शंका होती. पलीकडच्या काठावर तार जोडून पाहिल्यावर दिल्लीशी बोलता आले, मीरतशी मात्र बोलता येईना. म्हणजे नदीखालचा भाग चांगला होता आणि बिघाड त्याच्याही पुढे होता. मीरतमध्ये उठाव झाला होता आणि तार तोडण्यात आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉड स्वतः तपासायला गेले आणि मारले गेले. त्याच दिवशी दोघा साहाय्यकांनी दिल्लीतील घटनांची खबर अंबाल्यास पाठवली.

महिनाभरातच, १४ जून १८५७ रोजी, ग्वाल्हेरच्या कंटिंजंट फौजेनेही उठाव केला. तार हे राज्यकर्त्यांचे शस्त्र आहे हे उठाव करणाऱ्यांना उमगले होते, म्हणूनच ठिकठिकाणी तारा तोडल्या गेल्या. या राजकीय बाजूवर भरपूर लिहिले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्या दोन तरुणांची रीत. त्यांनी संपूर्ण मार्ग पायी तपासला नाही. मधला एक बिंदू गाठला, तेथून दोन्हीकडे विचारले, आणि चांगला भाग बाजूला काढला. मार्गाचे दोन भाग करायचे, खराब अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे, आणि असे करत बिघाडाच्या जागी पोहोचायचे. आज ब्रेडबोर्डवरील तुटलेली जोडणी शोधतानाही यापेक्षा चांगली रीत नाही.

पुढे या रीतीला मोजमापाची जोड मिळाली. भारतीय तारखात्यातील लुई श्वेंडलर यांचा तारमार्गांच्या तपासणीवरील ग्रंथ १८७८ पासून प्रसिद्ध झाला. तार निरोगी असतानाच तिची मापे घेऊन ठेवावीत, म्हणजे आजारी पडल्यावर फरक कळतो, असा या नियमित तपासणीचा अर्थ होता. समजा, एक मैल तारेचा रोध १० ओहम आहे आणि पलीकडचे टोक जमिनीला जोडले की १०० मैलांच्या मार्गाचा रोध सुमारे १,००० ओहम येतो. एके दिवशी तो ३७० ओहमच आला, तर तार सुमारे ३७ मैलांवर जमिनीला टेकली असावी असा अंदाज बांधता येतो. प्रत्यक्षात दमट हवा, जमिनीचा रोध आणि सांधे यांमुळे हिशेब इतका सरळ नसे. तरीही कचेरीत बसून, आकड्यांच्या आधारे, लाईनमनला नेमक्या खांबांकडे पाठवता येऊ लागले.

चांदीची आगगाडी

ग्वाल्हेरला विजेचे दुसरे दर्शन घडले ते राजवाड्यात. महाराज माधवराव शिंदे (१८७६-१९२५) यांना यंत्रांची मोठी आवड होती. ग्वाल्हेरची दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे, जी २०२० पर्यंत चालली, तिचा उगमही राजवाड्याच्या परिसरातील हौसेच्या गाडीत आहे. १९०५ मध्ये त्यांनीच सुरू केलेल्या मेळ्यात आज इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मोठी उलाढाल होते. पण सर्वांत प्रसिद्ध आहे ती भोजनाच्या टेबलावरील चांदीची आगगाडी. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने बनवलेली ही विजेवर चालणारी गाडी मद्यपात्रे व सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरत असे. पात्र उचलले की गाडी थांबे, परत ठेवले की चालू लागे. म्हणजेच पात्राचे वजन हाच तिचा स्विच होता. परिपथ तुटला की गती थांबली, जुळला की सुरू झाली.

या गाडीची एक फजितीही सांगितली जाते. लापिएर व कॉलिन्स यांच्या १९७५ मधील 'फ्रीडम ॲट मिडनाइट' या पुस्तकात असे वर्णन आहे की, व्हाइसरॉयच्या मेजवानीत नियंत्रणाच्या जोडणीत शॉर्ट सर्किट झाले, गाडी बेफाम पळू लागली आणि पाहुण्यांच्या अंगावर अन्न व पेये सांडली. किस्सा रंगवलेला असेल. परंतु विजेच्या खेळण्यावर काम केलेल्या कोणालाही तो अशक्य वाटणार नाही. दोन तारा जेथे भेटू नयेत तेथे भेटल्या, की राजाच्या घरी आणि विद्यार्थ्याच्या प्रकल्पात सारखाच गोंधळ होतो. छतासाठी हत्ती आणणाऱ्या राजवाड्यात टेबलाखालच्या तारांची तपासणी त्या संध्याकाळी राहून गेली, असेच म्हणावे लागेल.

तारखात्याच्या पिशवीतून मल्टीमीटर

सुईचे यंत्र पुढे बदलत गेले. १८८२ मध्ये फ्रान्सचे द'आर्सोन्व्हाल यांनी स्थिर चुंबकाच्या मधे फिरणारे वेटोळे बसवले. १८८८ च्या सुमारास अमेरिकेतील एडवर्ड वेस्टन यांनी त्याला टिकाऊ, हातात नेता येईल असे रूप दिले. आता मापनयंत्र प्रयोगशाळेबाहेर पडू शकत होते. पण धारेसाठी एक, दाबासाठी दुसरे आणि रोधासाठी तिसरे यंत्र लागे.

ब्रिटनच्या पोस्ट खात्यात, ज्याच्याकडे तार व दूरध्वनी होते, डोनाल्ड मॅकेडी नावाचे एक अभियंता होते. दुरुस्तीच्या कामावर जाताना इतकी यंत्रे वाहून नेण्याचा त्यांना कंटाळा आला. तिन्ही कामे एकाच पेटीत करण्याची कल्पना त्यांना सुचली आणि १९२३ मध्ये 'ॲव्होमीटर' बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम या तीन एककांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. त्याचे 'मॉडेल आठ' २००८ पर्यंत तयार होत होते. एखाद्या यंत्राला इतके दीर्घ आयुष्य लाभल्याची उदाहरणे थोडी आहेत. मल्टीमीटरचा जनक दुरुस्ती करणारा माणूस होता, सिद्धान्त मांडणारा नव्हे, हे येथे अधोरेखित केले पाहिजे.

आकडे दाखवणारी व्होल्टमीटरे १९५० च्या दशकात आली. ती टेबलावर मावतील एवढी मोठी व महाग होती. १९७७ मध्ये फ्लूक कंपनीचा हातात धरण्याजोगा डिजिटल मल्टीमीटर आला आणि पुढे एकात्म परिपथ स्वस्त झाल्यावर तो सर्वत्र पसरला. आज लहान पिवळ्या रंगाचा साधा मीटर काही शे रुपयांत मिळतो.

महाराष्ट्रात हे साधन पोहोचवणाऱ्यांत नाशिक रोडच्या मोटवाने कंपनीचा वाटा मोठा आहे. तिचा वारसा रोचक आहे. मोटवाने कुटुंबाची 'शिकागो रेडिओ' ही संस्था काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवत असे. १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्यात नानक मोटवाने हेही आरोपी होते. पुढे याच घराण्याच्या कारखान्यातील मल्टीमीटर आयटीआय व तंत्रनिकेतनांच्या टेबलांवर दिसू लागले. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिच्या दुरुस्तीतून जन्मलेले साधन मात्र चालूच आहे.

मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात उर्दू व मराठी फलक लिहून देण्याचे काम माझ्याकडे होते. तीन मुलींनी पाण्याची टाकी भरल्यावर वाजणारी घंटा तयार केली होती. पाहुणे यायला अर्धा तास उरला आणि घंटा वाजेना. मुलींनी बॅटरी बदलली, ट्रान्झिस्टर बदलला, एकीला रडू आले. महाविद्यालयात मल्टीमीटर होते, पण कपाटात कुलूपबंद. मुले चुकीच्या जागी प्रोब लावतात, फ्यूज उडतो आणि डेड स्टॉक रजिस्टरमध्ये शेरा लिहावा लागतो, असे कारण सांगण्यात आले. शेवटी प्रयोगशाळा परिचरांनी आपल्या जबाबदारीवर एक मीटर काढून दिला.

त्या मुलींपैकी एकीचे वडील मोटार रिवाइंडिंग करणारे होते. तिने मीटर दाबाच्या पट्टीवर ठेवला, काळा प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाला धरून ठेवला आणि लाल प्रोब क्रमाने पुढे नेला. बॅटरीवर ९ व्होल्ट. स्विचच्या आधी ९, स्विचच्या नंतरही ९. बोर्डाच्या कडेला शून्य. स्विच आणि बोर्ड यांच्यामधली बोटभर तार बाहेरून चांगली दिसत होती, आत तांबे तुटलेले होते. तार बदलली, डाग दिला, घंटा वाजली. १८५७ च्या त्या तारघरातली हीच रीत होती. मुलीला तो इतिहास माहीत नव्हता, वडिलांच्या दुकानात तिने ती पाहिली होती. आपण मात्र तिला तीन वर्षे ओहमचा नियम लिहायला लावला होता आणि मीटर कुलपात ठेवला होता.

अशा प्रसंगी शिक्षकाने पुढील बाबी विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या पाहिजेत.

दाब मोजताना मीटर घटकाला समांतर जोडावा, परिपथ चालू असावा. धारा मोजताना परिपथ तोडून मीटर एकसरीत घालावा. रोध किंवा कंटिन्युटी पाहताना बॅटरी काढून टाकावी आणि कपॅसिटर रिकामे करावेत, कारण त्या वेळी मीटर स्वतःच्या बॅटरीने धारा पाठवत असतो. पुष्कळ सुईच्या मीटरांत रोधाच्या पट्टीवर काळ्या प्रोबला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते, त्यामुळे डायोड तपासताना उलटे उत्तर येऊन विद्यार्थी गोंधळतो. लाल प्रोब १० अँपिअरच्या खोबणीत विसरून दाब मोजू गेल्यास मीटर जवळजवळ सरळ तारेसारखा वागतो. अनेक स्वस्त मीटरांत या खोबणीला फ्यूजही नसतो. म्हणून विद्यार्थ्यांनी बॅटरीवरच्या परिपथावर शिकावे, भिंतीतल्या प्लगवर नव्हे.

मीटर निरपेक्ष साक्षीदार नाही, हेही सांगावे. १२ व्होल्टला १०० किलोओहमचे दोन रोध एकसरीत जोडले, तर मध्यावर ६ व्होल्ट असतात. २०,००० ओहम प्रति व्होल्ट क्षमतेचा सुईचा मीटर १० व्होल्टच्या पट्टीवर स्वतः २०० किलोओहमचा असतो. तो लावताच मध्यावरचा दाब ४.८ व्होल्टवर येतो. १० मेगाओहमचा डिजिटल मीटर सुमारे ५.९७ व्होल्ट दाखवतो. मोजणारा मोजल्या जाणाऱ्या वस्तूत ढवळाढवळ करतोच, कमी किंवा जास्त. उलट डिजिटल मीटरच्या याच मोठ्या रोधामुळे कोठेही न जोडलेल्या तारेवरही तो शेजारच्या तारेचा भासमान दाब दाखवू शकतो. अशा वेळी जुन्या वायरमनचा सिरीज बल्ब अधिक खरे बोलतो, कारण बल्ब पेटायला धारा खरोखरच लागते.

येथे आपण पुन्हा हत्तींकडे येतो. कंटिन्युटीच्या तपासणीत मीटर साधारण एक मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी धारा पाठवतो. अनेक पदरांपैकी एकच पदर शिल्लक असलेली तार, सैल स्क्रू, कच्चा डाग, यांतूनही एवढी धारा सहज जाते आणि मीटर आनंदाने बीप देतो. समजा, सांध्याचा रोध अर्धा ओहम आहे. मीटर त्याला चांगला म्हणेल. त्यातून ४ अँपिअर गेले, की त्या सांध्यावरच २ व्होल्ट पडतील आणि ८ वॅट उष्णता निर्माण होईल. बीप आलेली तार भाराखाली जळते ती अशी. म्हणून आधी सुईची कसोटी आणि मग हत्तीची कसोटी, म्हणजे भार चालू ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजूंना दाब मोजणे, या दोन्ही आवश्यक आहेत.

शब्दांचा प्रश्न

तार तपासण्याचे ज्ञान पाठ्यपुस्तकापर्यंत न पोहोचण्याचे एक कारण भाषेत आहे. मराठीतील वीज, हिंदी-उर्दूतील बिजली आणि अरबीतून आलेला बर्क़ या तिन्ही शब्दांचा मूळ अर्थ आकाशात चमकणारी वीज हाच आहे. तारायंत्राला उर्दूत 'तारबर्क़ी' म्हटले गेले. हैदराबाद संस्थानात १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भाषांतर विभागाने आणि उस्मानिया विद्यापीठाने विज्ञान उर्दूत आणण्याचा मोठा प्रयत्न केला, ज्याचा लाभ त्या काळी संस्थानात असलेल्या मराठवाड्यालाही झाला. उर्दूत रोधाला 'मुज़ाहमत', परिपथाला 'दौर', विद्युतधारेला 'बर्क़ी रौ' असे शब्द रूढ झाले. मराठीत रोध, परिपथ, विभवांतर हे शब्द आले.

हे सर्व शब्द चांगले आहेत. पण ते सिद्धान्ताचे शब्द आहेत. दुरुस्तीचे शब्द वेगळे आहेत : लूज, शॉर्ट, डाग, अर्थ मारणे, तार आतून तुटणे. विद्यार्थी दुसरे शब्द घेऊन वर्गात येतो आणि पहिले शब्द पाठ करून बाहेर पडतो. दोहोंचा सांधा जोडला जात नाही. 'शॉर्ट' म्हणजे रोध जवळजवळ शून्य, 'तुटणे' म्हणजे रोध अमर्याद, 'लूज' म्हणजे बदलता रोध, एवढे तीन सांधे पक्के जोडले तरी अर्धे काम होते. भाषेच्या शिक्षकाचे या विषयात काही काम असेल, तर ते हेच होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, तार तपासण्याची विद्या ही लाईनमन, तारघरातले मुलगे, कारागीर आणि दुरुस्तीवाले यांनी घडवलेली विद्या आहे. ग्वाल्हेरच्या शेजारून गेलेली तार आणि राजवाड्यातील चांदीची गाडी या दोहोंनी तिची गरज दाखवून दिली. आपल्या संस्थांतून शिकणारे कित्येक विद्यार्थी अशाच कारागीर घरांतून येतात. त्यांच्या घरचे ज्ञान वर्गात हिणकस ठरू नये.

यासाठी कम्युनिटी कॉलेजांतील शिक्षकांपुढे काही सूचना ठेवाव्याशा वाटतात. दोन विद्यार्थ्यांमागे एक मीटर उघड्यावर असावा. उडालेला फ्यूज हे नुकसान न मानता खडूप्रमाणे खर्चाची वस्तू मानावी. वर्षातून निदान चार तास जाणूनबुजून बिघडवलेले परिपथ द्यावेत आणि विद्यार्थ्याने बिघाड कसा शोधला हे त्याच्याच भाषेत, उर्दूत किंवा मराठीत, लिहून घ्यावे. प्रात्यक्षिक परीक्षेत आकृती काढण्याइतकेच गुण तुटलेली तार सापडण्याला असावेत.

आपण मीटर कुलपात ठेवतो तेव्हा यंत्र सुरक्षित राहते, विद्यार्थी मात्र न तपासताच भाराखाली जातो. छतासाठी हत्ती चढवणाऱ्या गावाची गोष्ट सांगताना एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.